आत कोण थांबणार

उन्नतीला मासळीचं वावडं कधीच नव्हतं. लग्नाआधी अंबाडी गावी बापाच्या घरी बोंबलाच्या कालवणावरून ती भावाशी भांडायची, आणि शेलार गावात सून म्हणून आल्यावर सासरच्या तिखट हाताचं कौतुकही तिनं मनापासून केलं होतं. म्हणून दिवस राहिल्यावर एका सकाळी तव्यावर सुकट पडली आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत ओकारी तोंडात आली, तेव्हा सगळ्यांत जास्त चक्रावली ती स्वतःच.

सासू मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिला मुलगे, सुना आणि अख्खं गाव आक्काच म्हणत असे.

"काय झाला?"

"वास सहन होत नाही, आक्का."

"कसला वास?"

"सुकटीचा."

आक्कानं नाक मुरडलं. मग म्हणाली, "आमच्या घरान वास येतो तुला," आणि वळून गेली. घराचा नाही, सुकटीचा, असं सांगायला उन्नतीनं तोंड उघडलं, पण त्यातून पुन्हा ओकारीच बाहेर पडली.

ते वाक्य संध्याकाळपर्यंत आळीभर फिरलं. शेजारीण सहज म्हणून डोकावली आणि उन्नतीकडं बघून म्हणाली, "तुला इथला वास येतो म्हनं." तिला काय सांगायचं? शेलारच्या त्या दुमजली घरात सोमवार-गुरुवार सोडले तर रोज मासळी शिजायची. सासरे केसरीनाथ यांनी जमिनीवर गोदामं बांधून भाड्यानं दिली होती, थोरला मुलगा मनोज कापडाच्या दलालीत होता, धाकटा देवेश, म्हणजे उन्नतीचा नवरा, टेम्पो भाड्यानं चालवायचा. घरात खायला कमी नव्हतं. उन्नतीच्या पोटात मात्र थंड भात आणि मीठ, नाहीतर बेकरीतली खारी, याखेरीज काही ठरत नव्हतं. चहाही नको, फोडणीही नको. कांदा तेलात पडला की ती पदर नाकाला लावून गच्चीवर पळायची, आणि खालून आक्काचा आवाज यायचा, "चाललं मेमसाब."

तिला बरं वाटायचं ते फक्त ड्युटीवर. ती ज्या गोदामात माल रवाना करायचं काम बघायची, तिथं छतापर्यंत कोरे पुठ्ठ्याचे खोके रचलेले असत. त्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या वासानं तिचं पोट शांत व्हायचं. हमाल हसायचे, "मॅडम, डिब्बा सूँघती है क्या?" ती म्हणायची, "हाँ, यही एक चीज बची है," आणि त्या रांगांमध्ये खुर्ची टाकून खारी खायची. घरी परतायची वेळ झाली की पुन्हा घशाशी आंबट यायला लागायचं, रिक्षात बसायच्या आधीच.

देवेशला तिनं सांगून पाहिलं. तो वाईट नव्हता, पण आईपुढं त्याला आवाज नव्हता.

"आक्काचा स्वभाव तुला माहीत आहे," तो म्हणाला. "दोन-तीन महिने काढ. मनावर घेऊ नको."

"मी मनावर घेत नाही. मी ओकते. निदान तळताना स्वयंपाकघराचं दार लावायला सांग."

"वहिनीला सांग ना. तळते तर तीच."

वहिनी म्हणजे वैशाली, मनोजची बायको. उन्नतीचा खरा राग तिच्यावरच होता. सासूकडून तिनं कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती, पण जाऊ तर याच वाटेनं गेलेली. तिला काही कळू नये? उलट उन्नती कामावरून आली की नेमकं तेव्हाच वैशालीचं तळण सुरू व्हायचं, आणि दार सताड उघडं. बोलणं तर दोघींत जेमतेमच. वैशाली घरात कुणाशीच फार बोलायची नाही. तिची सहा वर्षांची मुलगी ऋतिका, तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. पोर डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं लिहायची. जन्माच्या आधी ग्रहणात वैशालीनं विळीवर दोडका चिरला म्हणून पोरीचा हात असा झाला, हे उन्नतीला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आक्कानं सांगितलं होतं. वैशालीसमोरच सांगितलं होतं. वैशाली तेव्हा भाकऱ्या थापत राहिली होती.

मग एका संध्याकाळी आक्कानं बाळंतपणाचंही जाहीर करून टाकलं. केसरीनाथ बातम्या बघत होते, देवेश मोबाइलमध्ये होता, आणि उन्नती दाराच्या उंबऱ्यात बसून भाताला मीठ लावून खात होती.

"रस्त्याच्या कडंच्या दवाखान्यान नाव घालायचा," आक्का म्हणाली. "डॉक्टर आपल्या ओळखीचा हाय. मी सोबत थांबन. उगा पोट फाडायचा न्हाय. मी चार पोरा घरान काढली."

"माझी आई म्हणत होती, पहिलं बाळंतपण अंबाडीला..."

"तुझी आई काय डॉक्टर हाय?"

"तुम्ही तरी कुठं आहात, आक्का?"

टीव्हीचा आवाज केसरीनाथांनी कमी केला आणि पुन्हा वाढवला. देवेशनं मान वर केली नाही. आक्का उठली, उन्नतीच्या हातातली ताटली काढून घेतली आणि म्हणाली, "तोंड चालवायला ताकद हाय, म्हंजे भूक न्हाय तुला." ताटलीतला भात तिनं परसात कुत्र्याला घातला.

दुसऱ्या दिवशी उन्नती घरी आली तर वैशाली बांगडे तळत होती. दार उघडं. उन्नतीनं तोंडावर ओढणी बांधली आणि ती सरळ आत गेली.

"ताई, तुम्ही हे मुद्दाम करता."

वैशालीनं बांगडा उलटला. "हो. मुद्दाम."

एवढ्या सरळ उत्तराची उन्नतीला अपेक्षा नव्हती. "का? मी काय केलंय तुमचं?"

"काही नाही केलंस." वैशालीनं गॅस बारीक केला. "मला भाताचा वास सहन होत नव्हता. मासळीचा नाही, भाताचा. या घरात दोन्ही वेळा भात शिजतो. तोंडाला फडकं बांधून मी पेज गाळायचे, आणि ओकून आले की पुन्हा गाळायचे. माझ्यासाठी कुणी दार लावलं नाही. तुला दिवस राहिले आणि लगेच तू देवेशभावजींना दार लावायला सांगितलंस, ऐकलं मी. मला तुझा राग आला. म्हणून उघडं ठेवते."

"मग मीही तसंच सोसायचं?"

"सोसू नको. पण तू भांडतेस कशावरून? वासावरून. ओकाऱ्या काय, थांबतील. पुढचं बघ." आणि मग तव्याकडंच बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, तिनं पुढचं सांगितलं.

वैशालीला कळा सुरू झाल्या तेव्हा मनोज सुरतेला होता. रस्त्याकडेच्या त्याच दवाखान्यात तिला नेलं. मूल मोठं होतं, खाली सरकत नव्हतं. डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, सिझर करायचं का. आक्का म्हणाली, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. आतून वैशाली ओरडत होती, करा, काय करायचं ते करा. तिला कुणी विचारत नव्हतं. एक दिवस गेला, रात्र गेली. शेवटी डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मग ओढलं.

"कसं ओढलं ते मला अजून आठवतं," वैशाली म्हणाली. "ग्रहण त्या महिन्यात होतं, ते खरं. मी दोडका चिरला, तेही खरं. पण माझ्या पोरीचा हात दोडक्यानं नाही गेला."

"मनोजभावजींना माहीत आहे?"

"त्यांना सांगितलं नाळ अडकली होती. आणि दोडका." वैशालीनं बांगडे ताटात काढले. "हे तुझ्यापुरतं. आता जा, नाहीतर इथंच ओकशील."

त्यानंतर उन्नतीला ओकारीपेक्षा दुसरंच काही छळू लागलं. खोक्यांच्या रांगेत बसून ती दवाखान्यातली ती खोली डोळ्यांपुढं आणायची, पाय बांधलेले, दार लोटलेलं, आणि दाराबाहेर आक्काचा आवाज. कळा कशा असतील, ती किती ओरडेल, याचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय हे होतं की ती ओरडेल आणि उत्तर दुसरंच कुणी देईल.

ती एकटीच शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं, वजन उतरलंय म्हणाल्या. जे पोटात ठरतं ते खा, थोडं थोडं खा, पाणी सोडू नका, बहुतेकींना चौथ्या महिन्यापर्यंत आराम पडतो. उन्नतीनं ते ऐकलं आणि मग विचारलं, "ऑपरेशन करायचं की नाही, ते कोण ठरवतं? म्हणजे सासू नाही म्हणाली तर?"

बाईंनी चष्मा वर केला. "बाळ कुणाच्या पोटात आहे?"

"माझ्या."

"तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीवर आहात, मग तुमचंच हो आणि तुमचंच नाही. माझ्याकडे तरी दुसऱ्या कुणाचं चालत नाही. पण सोबत धड माणूस आणा. त्या वेळी बाईला बोलायचं त्राण राहत नाही. आत तुमच्यासोबत कोण थांबणार, ते आत्तापासून ठरवा."

उन्नतीनं तिथंच नाव घातलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

ते फुटलं रविवारी. मनोजनं सकाळी खाडीवरून खेकडे, चांगल्या मोठ्या चिंबोऱ्या, आणल्या होत्या. त्यांचा रस्सा उकळत होता तेव्हापासून उन्नती गच्चीवर बसून होती. जेवायच्या वेळी आक्कानं खालून हाक मारली, "आज सगल्यांसोबत बसायचा." देवेश वर येऊन म्हणाला, "बस ना नुसती. खाऊ नको. तमाशा नको." ती खाली आली आणि भिंतीला टेकून बसली. समोर केसरीनाथ, मनोज, देवेश, आणि मनोजच्या मांडीला टेकून ऋतिका. वैशाली वाढत होती. तिनं उन्नतीच्या ताटात नुसता भात वाढला, रस्सा वाढला नाही.

आक्कानं ते बघितलं. तिनं स्वतःच्या ताटात चिंबोरी फोडली, गर भातात कालवला आणि घास घेऊन उन्नतीकडं सरकली.

"खा."

"आक्का, नको."

"पोराला काय मिठावर वाढवतंस? खा."

"मला ओकारी येईल."

"येऊ दे. सवय व्हल."

उन्नतीनं तोंड फिरवलं तर आक्कानं डाव्या हातानं तिची मान धरली आणि घास ओठांत कोंबला. देवेश "आक्का, अगं" म्हणाला, पण बसूनच. क्षणभर तो घास तोंडात राहिला. मग पोटातलं सगळं वर आलं, ताटात, अंगावर, आक्काच्या पातळावर.

आक्कानं तिच्या पाठीत फटका मारला. "अन्नावर वकली. लक्ष्मीवर वकली."

उन्नतीनं तोंड पुसलं. मग ती आक्काला म्हणाली, "मी शहरात नाव घातलंय. तुमच्या दवाखान्यात मी जाणार नाही. आणि माझ्या बाळंतपणाला तुम्ही दारातसुद्धा उभ्या राहायच्या नाहीत."

"मी न्हाय उभी राहनार तं कोन राहनार?"

"कुणीही. तुम्ही उभ्या राहिलात तर काय होतं ते दिसतंय ना समोर. ऋतिकाचा हात ग्रहणानं नाही गेला. तुम्ही सिझरला नाही म्हणालात म्हणून गेला."

वैशालीच्या हातात भाताचं भांडं होतं, ते तिनं सावकाश खाली ठेवलं. मनोजनं आधी बायकोकडं बघितलं, मग आईकडं.

"ही काय बोलते?"

"काय पन बोलते. वकली, आता वरून..."

"आक्का. डॉक्टरनं विचारलं होतं?"

आक्कानं पदर तोंडाशी नेला. "माझी बहीन आपरेशनच्या टेबलावरच गेली, मनोज. पोट फाडला आनि परत शिवलाच न्हाय म्हन तू. मी कसा व्हय बोलू?"

"मग हे मला का नाही सांगितलंस? मी सहा वर्षं हिला बोलतोय. सहा वर्षं मी दोडका दोडका करतोय."

तेवढ्यात ऋतिकानं आईला विचारलं, अगदी हळू, "मग दोडका नव्हता?"

उन्नतीला त्या क्षणी जमिनीनं गिळावं असं वाटलं. बोलताना तिच्या डोळ्यांपुढं फक्त आक्का होती. पोर तिथंच बसली आहे हे दिसत असूनही तिनं बघितलं नव्हतं. वैशालीनं मुलीला उचललं आणि उन्नतीकडं न बघता आत नेलं. केसरीनाथ ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी चिंबोऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

दुपारी वैशाली उन्नतीच्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"मी ते तुला तुझ्यासाठी सांगितलं होतं. त्यांच्या तोंडावर मारायला नाही."

"चुकलं, ताई. पण तुम्ही कधी सांगणार होतात?"

"कधीच नाही. पोरीला वाटत होतं दोडक्यानं झालं. दोडक्यावर राग धरता येतो. ती आजीच्या कुशीत झोपते, उन्नती. आज कुठं झोपवू तिला?"

उन्नती तिचा हात धरायला पुढं सरकली. "आता माझ्याशी बोलू नको," वैशाली म्हणाली आणि गेली.

आक्कानं दोन दिवस चूल बघितली नाही. तिसऱ्या दिवशी देवेशला ओट्यावर बोलावून सांगितलं, "हिला घिऊन निघ. हिनं माझा पोर माझ्यापासून तोडला." देवेश दुपारभर इकडून तिकडं करत राहिला. बापाला विचारून आला, भावाला विचारून आला. मनोज म्हणाला, "मला काय विचारतोस? घास कोंबला तेव्हा तू कुठं होतास?" मग देवेशनं टेम्पोत कपाट आणि गादी घातली. उन्नती पुढं त्याच्या शेजारी बसली. देवेशनं टेम्पो गावच्या वेशीबाहेर काढला. मग म्हणाला, "मी उठायला हवं होतं." ती म्हणाली, "हवं होतं." तिनं त्याला माफ वगैरे केलं नाही. तिला खूप झोप येत होती.

भिवंडीत मिळालेल्या खोलीच्या खाली यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसभर जमीन थरथरायची, जिन्यात वंगणाचा वास भरलेला असायचा, बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागायचं. पण स्वयंपाक तिचा होता. पहिले काही दिवस देवेश बाहेर जेवून यायचा आणि तोंड धुऊनच घरात शिरायचा. अंबाडीहून आई आली, खोली बघून रडली आणि म्हणाली, सासूचे पाय धरून मोकळी हो. उन्नतीनं तिला दुपारच्या एसटीत बसवून दिलं. शेलारला आक्का म्हणत असे की धाकटीनं घर फोडलं. हे सांगायला माणसं मुद्दाम फोन करायची. उन्नती "बरं" म्हणून फोन ठेवायची. रात्री पाठीवर पडलं की कधी कधी ऋतिकाचा तो प्रश्न कानात यायचा, आणि मग तिला वाटायचं, घर फोडल्याचा आरोप अगदीच खोटा नाही.

चौथा महिना सरता सरता ओकाऱ्या खरंच कमी झाल्या. पोटातलं मूल हलू लागलं. पण आत कोण थांबणार ते ठरत नव्हतं. आई आली तर नुसती रडेल. देवेश थांबतो म्हणत होता, पण ऐन वेळी तो उठेल की बसून राहील याची तिला खात्री नव्हती, आणि तसं तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर वैशाली. ती वाळली होती. सोबत ऋतिका नव्हती.

"आत या ताई, पाणी..."

"पाणी नको. रिक्षा थांबवली आहे." ती दारातच उभी राहिली. खालचे माग खडखडत होते म्हणून तिला आवाज चढवावा लागत होता. "मुंबईला मोठ्या डॉक्टरकडं नेलं होतं ऋतिकाला. तान्ही असतानाच आणली असती तर काही करता आलं असतं म्हणाले. आता व्यायामानं होईल तेवढं होईल. हे देवेशभावजींना सांगतेस तर सांग."

"ती आक्कांकडं झोपते?"

"नाही. जात नाही. आक्का बोलावते, ती जात नाही." वैशालीनं खाली थांबलेल्या रिक्षाकडं बघितलं. "त्याचा राग मला तुझ्यावर आहे, आणि तो जायचा नाही. हे सांगून ठेवते."

उन्नतीनं मान हलवली.

"डिलिव्हरीला मी येईन. आत मी थांबणार. तुझ्यासाठी म्हणून समजू नको. तिथं कुणीतरी तोंड उघडणारं पाहिजे, आणि काय विचारायचं ते मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना आधी भेटव मला. कळा सुरू झाल्या की फोन कर, मधल्या काळात करू नको. आक्का आली तर तिला मी बाहेर काढीन, तू एक शब्द बोलायचा नाहीस. तुझं बोलणं झालंय."

"बरं," उन्नती म्हणाली. "ताई, मी..."

"नको."

ती जिना उतरून गेली. खाली पोचल्यावर तिनं जिन्याच्या कठड्याचं वंगण लागलेला हात भिंतीला पुसला आणि रिक्षावाल्याला "चलो भैया, शेलार" म्हणाली. उन्नती कठड्याशी उभी राहून रिक्षा वळेपर्यंत बघत राहिली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ठरलं का सोबतीचं. उन्नती म्हणाली, "माझी जाऊ थांबणार आहे आत."

"जाऊ? पटतं का तुमचं?"

"नाही," उन्नती म्हणाली. "पण ती थांबेल."